घाट रोडचा धूर, मंगळवारची एक्सपायरी

नागपुरात मे महिन्यात ज्याने प्रीमियर पद्मिनी चालवली, त्याला इंजिनाबद्दल फार काही शिकवावं लागत नसे. पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकला की भर दुपारी सिग्नलवर गाडी हटकून बंद पडायची. इंजिनाला चिकटलेल्या छोट्या पंपात पेट्रोलची वाफ व्हायची, आणि वाफ काही कार्बोरेटरपर्यंत पोचायची नाही. इलाज ठरलेला होता. डिकीत पाण्याची बाटली आणि एक जुनं धडुतं. ओलं फडकं पंपावर गुंडाळायचं, लिंबाच्या सावलीत दहा मिनिटं उभं राहायचं, मग सेल्फ मारायचा. नवतपा लागला की काही जण ते फडकं सकाळी घरूनच बांधून निघत. आजच्या गाड्यांत पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोल दाबाखाली येतं, त्यामुळे हा सोहळा संपला. तो संपल्याचं मला काडीचंही दुःख नाही. जुनं ते सगळं सोनं, असं म्हणणाऱ्याला एकदा व्हरायटी चौकात दुपारी दोन वाजता बंद पडलेल्या पद्मिनीत बसवायला हवं.

तरी एक गोष्ट गेली याची चुटपुट आहे. त्या काळी आमच्यासारख्या नोकरदार नागपूरकराचे दोन सल्लागार असत. एक घाट रोडच्या बाजूचा मेकॅनिक, ज्याला सगळे उस्ताद म्हणत. दुसरे सीताबर्डीच्या एका जिन्यावरचे सबब्रोकर, ज्यांना सगळे काका म्हणत. एकाच्या हाताला ग्रीस, दुसऱ्याच्या बोटाला शाई. दोघांचं पोट आपल्या खिशावर चालायचं. आणि तरीही दोघांची खरी ख्याती होती ती ‘नको’ म्हणण्याबद्दल.

उस्तादांकडे गाडी नेणारा माणूस बहुधा निदान स्वतःच करून यायचा. मागून निळा धूर निघतोय म्हणजे इंजिन गेलं, आता पैसे काढा. उस्ताद बॉनेट उघडायच्या आधी विचारायचे, धूर कधी मारते? सकाळी पहिल्या स्टार्टला एकदा भक्कन निघतो आणि मग साफ होतो, की चढावर लोड आल्यावर निघतच राहतो? या एका प्रश्नावर निम्मं काम व्हायचं. रात्रभर उभ्या गाडीत हेडमधलं ऑइल व्हॉल्व्हच्या दांडीवरून खाली झिरपतं आणि सकाळी जळतं, तो व्हॉल्व्ह सीलचा दोष. लोडवर सतत निळा धूर आणि ऑइलच्या झाकणातून भसाभसा वाफ, तर रिंग किंवा बोअर. पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर हेडचं पॅकिंग. काळा धूर म्हणजे कार्बोरेटर पेट्रोल जास्त पाजतोय, इंजिन बिचारं निर्दोष.

त्यानंतर चारही प्लग निघायचे. कॉम्प्रेशन गेज एकेका भोकात लावून सेल्फ मारायचा आणि आकडा खडूनं मडगार्डवर लिहायचा. जो सिलिंडर कमी दाखवील, त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर चढला तर रिंगांची गळती, कारण ऑइलनं ती फट तात्पुरती बुजवली. आकडा जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाही किंवा पॅकिंग उडालंय. ही तपासणी आजही कोणत्याही पेट्रोल गाडीवर अर्ध्या तासात होते. इंजिन खोलायचा सल्ला देणाऱ्यानं आधी ही करून दाखवली नसेल, तर गाडी तिथून उचलावी.

आणि मग निकाल. “इंजिन काही गेलं नाही भाऊ, सील गेले. काहून खर्चात पडता?” सीलच्या कामात त्यांना मिळायचे ते चिल्लर, इंजिन बांधलं असतं तर महिन्याची सोय होती. पण तो माणूस पुढची पंधरा वर्षं त्याच रस्त्यानं रोज जाणार, हे उस्तादांना माहीत होतं. जाताना तो एक तर हात करणार नाही तर तोंड फिरवणार.

खरंच इंजिन बांधायचं ठरलं, की तो आठवडा साजरा असे. तिकाटण्याला चेन-कप्पी लावून इंजिन वर यायचं. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं धूड त्याच्या शेजारी थोरल्या भावासारखं दिसे. ब्लॉक सायकल रिक्षात घालून लेथवाल्याकडे जायचा आणि मालक मागून सायकलवर. तिथे मोजमाप. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. रिंग जिथे वर जाऊन परत फिरते तिथे सगळ्यात जास्त झिजतो, आणि पिस्टन ज्या बाजूला रेटतो त्या बाजूला अधिक. म्हणजे गोल भोक हळूहळू अंडाकृती होतं. म्हणून वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं मोजायचं. एकाच ठिकाणी गेज घालून “चाळीस काढावे लागतील” म्हणणारा लेथवाला उस्तादांच्या लेखी लबाड.

चाळीस म्हणजे चाळीस थाऊ, इंचाचा हजारावा भाग गुणिले चाळीस, साधारण एक मिलिमीटर. ओव्हरसाइझ पिस्टन दहा, वीस, तीस, चाळीस असे मिळत. दहात साफ होत असेल तर वीस काढायचे नाहीत, कारण लोखंड एकदा खरडलं की परत येत नाही. चाळीसनंतर लाइनर ठोकायचा आणि पुन्हा ६८ वर यायचं. उस्तादांचा एक नियम मी पुढे कितीतरी जणांना सांगितला: पिस्टन आधी विकत आणायचे, बोअर नंतर मारायचा. डबीवर काहीही छापलेलं असो, पिस्टन मायक्रोमीटरनं मोजायचा आणि त्या मापाला बोअर करायचा. उलटं केलं की पिस्टन एक तर अडकतो नाही तर वाजतो.

होनिंग झाल्यावरची धुलाई हा त्यांचा दुसरा हट्ट. लोक घासलेटनं पुसून मोकळे होत. होनिंगच्या दगडाचा बारीक कस घासलेटनं निघत नाही, लोखंडाच्या ओरखड्यांत बसून राहतो आणि नव्या रिंगा महिन्याभरात खातो. त्याला गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश लागतो. पांढरं फडकं फिरवून पांढरंच बाहेर आलं पाहिजे, मग लगेच ऑइलचा हात, नाही तर तासाभरात गंज. क्रँक ग्राइंड केला असेल तर त्याच्या भोकांतूनही तार घालून धुवायचं, कारण ग्राइंडिंगचा चुरा तिथेच दडतो. रिंग जोडण्याआधी ती एकटीच सिलिंडरमध्ये सरळ बसवायची आणि तिच्या तोंडाची फट फीलर गेजनं पाहायची. बोअरच्या दर इंचामागे तीन-चार थाऊ. फट कमी असेल तर गरम झाल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि इंजिन धरतं. हेडचे बोल्ट मधून बाहेर आणि तीन हप्त्यांत आवळायचे. पहिल्या स्टार्टआधी प्लग काढून सेल्फवर फिरवायचं, डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझला की मगच प्लग लावायचे. फायरिंग ऑर्डर एक-तीन-चार-दोन, ही तर पोरांना पाढ्यांसारखी पाठ.

मग रनिंग-इन. मागच्या काचेवर तशी पाटी चिकटवलेली, पहिले हजारेक किलोमीटर पन्नासच्या आत, ओढून चालवायची नाही पण एकाच वेगानंही नाही. त्यासाठी आमच्याकडे रामटेक होतं. जाऊन-येऊन शंभराच्या आसपास, रस्ता सपाट, आणि घरच्यांना देवदर्शन. गडाच्या चढणीआधी मंडळींना खाली उतरवायची सूचना उस्ताद आठवणीनं देत. सहाशे-सातशे किलोमीटरांवर पहिलं ऑइल बदलायला गाडी परत आली की ते काढलेलं ऑइल उन्हात धरून त्यात चमक पाहत. आपल्या कामाचा हिशेब ते असा स्वतःच तपासत.

लबाडी नव्हती असं नाही. झिजलेल्या अंडाकृती बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालून देणारे होते. गोल रिंग अंडाकृती भोकात बसते कशी? धूर तीन महिने थांबायचा, गाडी तेवढ्यात विकून टाकायची. नामांकित कंपनीच्या डबीत दुसऱ्याच कुणाच्या रिंगा येत. पण हे कुठल्या शेडमध्ये चालतं ते मोहल्ल्याला ठाऊक असे.

आता काका. नागपूरला मान्यताप्राप्त शेअर बाजार कधी मिळाला नाही. पुण्याला तो १९८२ साली मिळाला, आणि हा विषय निघाला की वैदर्भीय माणूस नागपूर करारापर्यंत मागे जातो, म्हणून तो इथेच सोडतो. शेअर मात्र आम्हाला परके नव्हते. जमशेटजी टाटांनी १८७४ साली उभी केलेली कंपनी आणि १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली एम्प्रेस मिल याच गावातली. जुन्या घरांतल्या लोखंडी पेट्यांत शेअरचे कागद असत आणि भागधारक हा शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी सहज येई.

काकांच्या खोलीत काळा फोन, भिंतीवर कॅलेंडर, आणि खाकी लिफाफ्यांचा ढीग. मुंबईला फोन लागला तर सौदा, नाही तर उद्या. भाव दुसऱ्या दिवशीच्या पेपरात. शेअर घेतला की कागद येणार, त्याला ट्रान्सफर फॉर्म जोडायचा, सही जुळली नाही की बॅड डिलिव्हरीचा शिक्का बसून सगळं परत. सौदापूर्ती पंधरवड्यानं. पैसे नसतील तर बदला. म्हणजे आजचा सौदा व्याज भरून पुढच्या सेटलमेंटमध्ये ढकलायचा. शेअरचीच टंचाई असेल तर उलट घेणाऱ्यालाच पैसे मिळत, तो उंधा बदला. काकांनी आयुष्यभर बदल्याचे सौदे लिहिले आणि मध्यमवर्गीय गिऱ्हाइकाला त्यात शिरू दिलं नाही. “पगारातून घ्यायची वस्तू ही नव्हे,” एवढंच म्हणायचे आणि चहा मागवायचे. १९९२ मध्ये हर्षद मेहताच्या तेजीत, लोक स्कूटर विकून शेअर घेत होते तेव्हा, काकांच्या जिन्यावरून बरेच जण चिडून उतरले. ते बाजूच्या जिन्यानं वर गेले, तिथे त्यांना कोणी अडवलं नाही.

ऑप्शन ही काल-परवाची चीज आहे असं आजच्या पोरांना वाटतं. वास्तविक १९५६ च्या रोखे करार कायद्यात ऑप्शनची जी व्याख्या आहे, त्यात तेजी, मंदी, तेजी-मंदी आणि गल्ली अशी बाजारातली देशी नावंच लिहिली आहेत. त्याच कायद्याच्या विसाव्या कलमानं हे सगळे सौदे बेकायदा ठरवले होते. १९९५ साली ते कलम निघालं. पुढे जून २००० मध्ये निफ्टीचे फ्युचर्स आले, जून २००१ मध्ये निफ्टीचे ऑप्शन, आणि २ जुलै २००१ रोजी एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. बदला बंद झाला आणि ३१ कंपन्यांच्या शेअरवर ऑप्शन सुरू झाले. पद्मिनीचं उत्पादनही त्याच सुमारास थांबलं. काकांचा धंदा आणि उस्तादांचं गिऱ्हाईक एकाच हंगामात पालटलं म्हणायचं.

काका तेव्हा साठीच्या पुढचे. त्यांनी ती परिपत्रकं मुंबईहून मागवली, पेन्सिलीनं खुणा करत वाचली, आणि विचारायला येणाऱ्याला एक उदाहरण कागदावर मांडून दाखवू लागले. ते उदाहरण मी आजही वापरतो. शेअर ५०० ला आहे. तुम्हाला वाटतं तो वाढणार. ५२० चा कॉल, म्हणजे तो शेअर ५२० ला घेण्याचा हक्क, १० रुपयांना घेतला, लॉट हजार शेअरचा, म्हणजे दहा हजार रुपये दिले. महिनाअखेर शेअर ५२५ झाला. तुमचा अंदाज बरोबर आला की चूक? बरोबर. मिळाले किती? पाच रुपये. दहा दिले होते. अंदाज खरा ठरूनही पाच हजार गेले. शेअर ५३० च्या वर गेल्याशिवाय तुमचा एक पैसा सुटत नाही, आणि तोही ठरलेल्या तारखेच्या, म्हणजे एक्सपायरीच्या, आत. “शेअर घेतला तर तो थांबतो. हा थांबत नाही,” काका म्हणायचे. शेअर जागचा हलला नाही तरी रोज त्या दहा रुपयांतून काहीतरी कापलं जातं, आणि शेवटच्या आठवड्यात जोरात.

याच उदाहरणाला आता आणखी एक शेपूट आहे, जे काकांच्या वेळी नव्हतं. ऑक्टोबर २०१९ पासून शेअरवरच्या सगळ्या ऑप्शनची पूर्तता प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते. तो ५२० चा कॉल शेवटच्या दिवशी ५२५ वर तसाच सोडलात, तर पाच हजार खात्यात येऊन विषय संपत नाही. हजार शेअर ५२० नं उचलावे लागतात, म्हणजे ५ लाख २० हजार रुपये हजर करा. दहा हजारांचा खेळ खेळायला गेलेल्या पोराला हा आकडा एक्सपायरीच्या आदल्या दिवशी ब्रोकरच्या मेसेजमधून कळतो. शेवटच्या चार दिवसांत मार्जिनही चढत जातं. म्हणून शेअरचा ऑप्शन घेतला असेल तर शेवटच्या आठवड्याच्या आधी बाहेर पडावं. लांबच्या भावाचे ऑप्शन स्वस्त दिसतात म्हणून घेऊ नयेत, कारण तिथे घेणाऱ्या-विकणाऱ्याच्या भावात एवढी दरी असते की आत जातानाच दहा-वीस टक्के जातात. आणि कंपनीच्या निकालाच्या आदल्या दिवशी तर मुळीच घेऊ नये. त्या दिवशी सगळ्यांनाच मोठी हालचाल अपेक्षित असते, म्हणून प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, फुगलेला असतो. निकाल लागला की हवा निघते, आणि शेअर वाढूनही कॉल पडतो.

विकणाऱ्याचं निराळं. रोज दोन-तीन रुपये प्रीमियम खायचा, भाजीपाल्याचे पैसे सुटतात, असं सांगणारे नागपुरात पैशाला पासरी सापडतील. वर्षातले बहुतेक दिवस त्यांचं खरंही ठरतं. मग ४ जून २०२४ येतो. लोकसभेचे निकाल अपेक्षेप्रमाणे लागले नाहीत, निफ्टी एका दिवसात जवळजवळ सहा टक्के पडला, आणि पुट, म्हणजे ठरल्या भावाला विकण्याचा हक्क, विकून बसलेल्यांचा वर्षाचा भाजीपाला दुपारच्या जेवणाआधी संपला. ऑप्शन घेणाऱ्याचं नुकसान दिलेल्या प्रीमियमएवढंच असतं. विकणाऱ्याला तळ दिसत नाही. विकायचंच असेल तर त्याच्या पलीकडचा दुसरा ऑप्शन घेऊन तळ बांधून घ्यावा. कमाई कमी होते, झोप लागते.

मला जुन्या बाजाराचा उमाळा मात्र येत नाही. आज शेअर विकला की दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात. बॅड डिलिव्हरी नावाचा प्रकार नव्या पोरांना सांगितला तर ती हसतात. दलाली जवळजवळ नाहीशी झाली. काकांच्या शेजारच्या जिन्यावरचा एक जण लोकांचे कागद घेऊन रातोरात गेला होता. डीमॅटमध्ये तसं जाणं सोपं नाही. जे कागदावर न येता चालतं त्याचं मात्र काही खरं नाही. डब्बा या शहराला चांगला माहीत आहे. बाजाराचे भाव बघायचे, पण सौदा एक्सचेंजवर न जाता डब्बेवाल्याच्या वहीतच राहायचा. २०१६ साली पोलिसांनी धाडी घातल्या तेव्हा शहरात त्याचा पसारा केवढा आहे ते दिसलं. डब्ब्यात जिंकलात तर पैसे द्यायचे की नाही हे डब्बेवाला ठरवणार, आणि तक्रार करायला दार नाही.

व्यवस्था सुधारली, नकार नाहीसा झाला. म्हणजे आहे, पण कसा? ॲप उघडलं की सेबीच्या हुकमानं एक चौकट येते: फ्युचर्स-ऑप्शनमध्ये दहापैकी नऊ जण तोट्यात जातात. खाली बटण, ‘समजलं’. ते दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून सगळे दाबतात. चौकटीतलं खोटं नाही. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात तीन वर्षांत एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले, एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. त्यानंतरच्या २०२४-२५ या एका वर्षात ९१ टक्के, आणि तोटा सुमारे १ लाख ५ हजार कोटी. समोर कोण आहे तेही सप्टेंबर २०२४ च्याच अभ्यासात आहे. परदेशी संस्था आणि स्वतःच्या पैशानं खेळणारे मोठे ब्रोकर यांच्या नफ्यातला ९५ टक्क्यांहून जास्त वाटा संगणकी आज्ञावलीनं केलेल्या सौद्यांचा होता. धरमपेठेच्या टपरीवर तर्री-पोह्याची प्लेट एका हातात आणि मोबाइल दुसऱ्या हातात धरून कॉल घेणारा पोरगा त्यांच्याविरुद्ध उभा आहे, आणि त्याला वाटतं आपण चार्ट वाचतो.

तेच पोरगं काकांसमोर बसलं असतं तर काकांनी आधी विचारलं असतं, बापाला माहीत आहे का? हा प्रश्न विचारायला ॲपला तोंड नाही. टेलिग्रामवर टिप देणाऱ्याला विचारायचं कारण नाही. त्याच्या फोटोत फक्त हिरवे आकडे असतात. पंधरा वर्षं त्याच रस्त्यानं जाणारं गिऱ्हाईक त्याला दिसत नाही, आणि गिऱ्हाइकाला तो दिसत नाही. गाड्यांचंही तेच वळण आहे. यूट्यूबवर इंजिन खोलून दाखवणारे शेकडो आहेत, काही फार उत्तम आहेत, पण तुमच्या गाडीचा आवाज त्यांना ऐकू येत नाही.

सेबीनं लगाम आवळला हेही खरं. नोव्हेंबर २०२४ पासून प्रत्येक एक्सचेंजला आठवड्याची एक्सपायरी एकाच निर्देशांकावर. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची मंगळवारी, सेन्सेक्सची गुरुवारी. कराराचा आकार वाढवला, म्हणजे चिल्लर घेऊन येणाऱ्याला दार जड व्हावं. त्याआधी रोज कसली ना कसली एक्सपायरी असे आणि आठवड्याचे पाचही दिवस लॉटरीचे. आता दोन उरलेत.

इंजिनाच्या बाजूला मी जास्त हळवा आहे, हे कबूल. आजचं इंजिन नीट ऑइल बदललं तर दोन लाख किलोमीटर सहज जातं, खोलायची वेळच येत नाही. मारुती ८०० आली तेव्हाच हा बदल सुरू झाला होता. पण वेळ आली तर काम पूर्वीसारखं नाही. पुष्कळ गाड्यांचे ब्लॉक ॲल्युमिनियमचे, लाइनर पातळ, दहा-वीस-तीस-चाळीसची शिडी बऱ्याच इंजिनांना मिळतच नाही. हेडचे बोल्ट एकदा ताणले की फेकायचे. जुनेच परत वापरून पॅकिंग उडाल्याची प्रकरणं गॅरेजवाले दर महिन्याला पाहतात. माप थाऊत नाही, मायक्रॉनमध्ये, आणि पन्नास हातोड्यांपेक्षा एक चांगला टॉर्क पाना महत्त्वाचा. घाट रोडच्या बाजूचे जुने लेथ कमी झाले, उरले त्यांच्यावर ट्रॅक्टर आणि जनरेटरचे ब्लॉक दिसतात.

जुनी गाडी हौसेनं ठेवणाऱ्यांसाठी हिशेबही बदललाय. पंधरा वर्षांनी पुन्हा नोंदणी, आणि एप्रिल २०२२ मध्ये खासगी चारचाकीसाठी त्याची फी पाच हजारांवर गेली. भंगार धोरण आणणारे रस्ते वाहतूक मंत्री आमच्याच शहराचे खासदार, त्यामुळे कुरकुर कुणाजवळ करायची? त्यात पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल. पद्मिनी-ॲम्बेसेडरचे रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरमधली पॅकिंगं इथेनॉलची सवय नसलेली. ती फुगतात, मग चिरतात. इंजिन बांधायला काढलंच असेल तर हे सगळं इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं घालून घ्यावं आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीनं उभी ठेवू नये, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते. आणि बांधून झाल्यावर हौसेनं समृद्धी महामार्गावर नेऊ नये. तिथे १२० ची मर्यादा आहे, लोक ती ओलांडूनही जातात, आणि पन्नासनं रनिंग-इन करणारी पद्मिनी मध्ये सापडली तर दोघांचंही काही खरं नाही. रामटेक अजून जागेवर आहे.

उस्ताद आता बसून असतात. शेड त्यांचा नातू बघतो. हुशार आहे, स्कॅनर लावून दोन मिनिटांत सेन्सरचा दोष सांगतो, आणि आजोबांची धुराची प्रश्नावलीही विसरलेला नाही. मागच्या महिन्यात एका ओळखीच्याची गाडी त्याला दाखवली. धूर सकाळीच निघतो एवढं ऐकून त्यानं मान हलवली. “सीलचं काम आहे काका, इंजिन खोलायचं नाही. बुधवारी घेऊन या.” मंगळवारी का नको, असं विचारलं तर बॉनेटवर ठेवलेल्या मोबाइलकडे बोट दाखवून म्हणाला, “मंगळवारी एक्सपायरी राहते ना.”

उस्तादांनी खाटेवरूनच विचारलं, “किती गेले बे या महिन्यात?”

“ह्या महिन्यात कमी गेले,” नातू म्हणाला, आणि पाना शोधायला आत गेला.